एक्क्याऐंशीवा रुग्ण

फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि यवतमाळ बंद नुकताच सुटला होता.

नोव्हेंबर २००६. कापसाच्या भावासाठी पुकारलेला तो बंद. सकाळपासून चौकाचौकात टायर जळत होते, एसटी आगारातून हलली नव्हती. उपनिरीक्षक रुपाली भगत दिवसभर बंदोबस्तात उभी होती. त्या वर्षी तिच्या वाट्याला दोनच कामं आली होती, मोर्चाचा बंदोबस्त आणि मर्तिकाचा पंचनामा. ठाण्यात येऊन तिनं बुटाची नाडी सैल केली, तोच टेबलावरचा फोन वाजला.

"म्याडम, लवकर या जी," एका बाईचा आवाज आला. "मी राजूरकर दवाखान्यातून बेबीताई बोलून राह्यली. डॉक्टरसायबाचं कोणीतरी आपरेशन केलं."

"डॉक्टरांनी कुणाचं तरी केलं?"

"नाही ओ! त्यायचंच केलं."

हवालदार लखीरामला घेऊन रुपाली दहा मिनिटांत पोचली.

डॉ. घनश्याम राजूरकर आपल्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर उताणे पडलेले होते. अंगावर हिरवी चादर. वर मोठा दिवा जळत होता. नाडी दाखवणाऱ्या यंत्राचा चिमटा त्यांच्या बोटाला लावलेला होता आणि यंत्र एका लयीत टुकटुकत होतं. डॉक्टर जिवंत होते, गाढ झोपेत होते.

बेबीताईंनी चादर बाजूला केली. त्या इथल्या जुन्या सिस्टर, वीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं असेल. पण आता त्यांनी नजर वळवली. पोट छातीपासून मांड्यांपर्यंत तपकिरी औषधानं पुसलेलं होतं. बेंबीच्या खाली चार बोटांचा चिरा आणि त्यावर जाड दोऱ्याची शिलाई, सुटे टाके नाहीत, एकच धागा नागमोडी ओढत नेलेला.

उजव्या मनगटाला कागदाची चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर दोनच आकडे: ८१.

"हे काय?" रुपालीनं विचारलं.

उत्तर मागून आलं. राजूरकरांचे सहायक, डॉ. रजत गावंडे दारात उभे होते. "सरांचा अभ्यास आहे. पोटदुखीच्या ऐंशी रुग्णांचा. बाहेरून निदान काय केलं आणि पोट उघडल्यावर काय निघालं, याचा ताळा. अपेंडिक्स, फुटलेला अल्सर, पित्ताचे खडे, आतड्याचा क्षय, सगळे प्रकार आहेत त्यात. पुढच्या आठवड्यात नागपूरला वाचायचा होता." त्यांनी चिठ्ठी बोटानं उलटून पाहिली. "ऐंशीच रुग्ण आहेत. एक्क्याऐंशीवा नव्हता."

मग ते जखमेवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"काय दिसतंय?"

"चिरा सरळ आहे. एका दमात घेतलेला, मधोमध. हात अजिबात थरथरलेला नाही. पण हे टाके... पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा असे घालणार नाही. पोतं शिवल्यासारखे आहेत. चिरणारा तरबेज आणि शिवणारा अडाणी, एकच माणूस दोन्ही कसा असेल?"

एक शिडशिडीत, पन्नाशीचा माणूस स्ट्रेचर घेऊन आला. बेबीताई म्हणाल्या, हा उकंडा, आपरेशन थेटरचा अटेंडंट. मोर्चामुळे आता कसाबसा पोचला. त्यानं डॉक्टरांची मान अलगद उचलली, खाली उशी सरकवली. भिंतीवर ऑक्सिजनच्या नळकांड्यांची पाटी होती. बदललेल्या तारखा तिच्यावर खडूनं ओळीनं लिहिलेल्या होत्या: ४, ८, ११, १८.

डॉक्टरांना जवळच्याच डॉ. प्रेरणा देशकरांच्या दवाखान्यात हलवलं. प्रेरणाबाई स्वतः सर्जन. त्यांनी दोन टाके सोडवून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कातडीखालचा जाड पापुद्राही कापून तसाच शिवलेला होता.

"त्याच्याही खाली पातळ पडदा असतो. तो फाडला की आपण पोटात," त्या रुपालीला म्हणाल्या. "फाडला की नाही, हे बाहेरून छातीठोक सांगता येत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे, पण सगळं काही एक्स-रेत दिसत नाही. आतड्याला धक्का लागला असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत उशीर होईल. मी उद्या दुपारी चारपर्यंत थांबते. तोवर ज्यानं केलं त्याच्याकडून खरं काय ते कळलं तर ठीक, नाही तर मला पोट उघडून पाहावं लागेल."

राजूरकर शुद्धीवर आले होते. त्यांनी रुपालीचं मनगट घट्ट धरलं. "काय काढलं माझं? काय ठेवलं आत? भगत, त्याला शोधा. मला माझ्याच पोटात काय आहे ते माहीत नाही!"

"तुम्हाला काय आठवतंय?"

"सकाळी नऊला आलो. बंद होता, दवाखाना रिकामा होता. घरून आणलेला कॉफीचा थर्मास टेबलावर ठेवून वॉर्डात चक्कर मारली, मग कॉफी प्यालो, कॉम्प्युटरवर बसलो. पुढचं काही नाही."

"शत्रू?"

"अमरसिंग जाधव. बायकोचं ऑपरेशन केलं म्हणून मारायला आला होता. जिनिंगमध्ये पोती शिवतो." त्यांनी तिचं मनगट सोडलं. "आणि रजतला विचारा. त्याचं नाव मी प्रबंधातून काढलं."

रुपाली परत राजूरकरांच्या दवाखान्यात गेली. मागच्या दाराचं कुलूप किल्लीनं उघडलेलं होतं, तोडलेलं नव्हतं. किल्ल्या चौघांकडे होत्या, स्वतः डॉक्टर, रजत, बेबीताई आणि उकंडा. तिनं तिघांना एकेकाला बसवलं.

"डॉक्टर रजत, आज कुठे होता?"

"कळंबला. मावशीकडे. दुपारच्या एसटीनं आलो."

"एसटी आज चाललीच नाही."

रजतचा चेहरा पडला. ते म्हणाले, "ठीक आहे. मी सकाळी अकराला इथेच आलो होतो. दोन वर्षं माहिती मी गोळा केली आणि नाव त्यांचं एकट्याचं. फाइल माझ्यासाठी उतरवून घ्यायची होती. सर टेबलावर डोकं टेकून झोपले होते. मी फाइल घेतली आणि गेलो. एवढंच. शपथ घेतो."

"टाके तुम्ही मुद्दाम वाईट घातले नाहीत?"

"मला सूड घ्यायचा असता तर नागपूरला उभा राहून त्यांचे आकडे वाचून दाखवले असते."

"म्हणजे?"

"ऐंशीपैकी बावीस पोटांत काहीच निघालं नाही. फवारलेल्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या बहुतेक. विषारी औषधानं पोटात कळा येतात, दोन दिवस सलाइन दिलं की उतरतात. मी सांगितलं होतं. सर म्हणाले, आकडा पुरा व्हायला हवा."

बेबीताईंना तिनं विचारलं, "या अभ्यासाची माहिती दवाखान्यात कुणाकुणाला होती?"

"सगळ्यायलेच. मागच्या रविवारी सायबानं आमाले बसवून फोटो दाखवले. नागपूरच्या भाषणाची तयारी म्हने. नावं नव्हती, निसते नंबर. हसून सांगे, ह्याच्यात हे निघालं, ह्याच्यात काहीच नाही निघालं."

"कुणाला राग आला?"

"रजत सर उठून गेलते. बाकी आमी गप. सत्तावन नंबरवर उकंडाच्या हातातून पडद्याची काठी सुटली, पडदाच पडला, मंग थांबलं ते."

शेवटी उकंडा मुनेश्वर. तो खुर्चीवर बसला नाही.

"उकंडाभाऊ, आज दिवसभर?"

"घरीच व्हतो जी. बंद व्हता."

"इथं किती वर्षं?"

"सात."

"त्याआधी?"

"सरकारी कामावर व्हतो. रोजंदारीनं."

"डॉक्टर कसे आहेत?"

"मोठे हायत," उकंडा म्हणाला. "त्यायच्या हाताखाली लय शिकाले भेटलं."

सकाळी रुपाली ठाण्यात आली तेव्हा ठाणेदारांनी अमरसिंगला उचलून आणलेलं होतं.

"सरळ प्रकरण आहे," ठाणेदार म्हणाले. "कापलं त्या पोट्ट्या डॉक्टरनं, शिवलं ह्यानं. दोघांचंही दुखणं एकाच माणसाशी."

अमरसिंग कोठडीत ताठ बसला होता. "माही बायको एकतीस नंबर हाय, म्याडम. दवाखान्यात त्याच नंबरानं बोलावत तिले. साधं दुखे तिचं पोट. आता घागर उचलता येत नाही तिले. मी त्याले म्हनलं व्हतं, तुह्यं पोट फाडीन. म्हनलं! केलं नाही. काल मी मोर्च्यात व्हतो."

रुपालीनं लखीरामला पोतं, सुतळी आणि दाभण आणायला सांगितलं. "शिवून दाखवा."

अमरसिंगनं पोत्याच्या दोन्ही कडा एकत्र धरल्या आणि वरून दाभण आरपार खुपसत झपझप शिवत गेला. रुपाली वाकून पाहत होती. प्रत्येक वेळी दाभण एकाच बाजूनं शिरत होता, दुसऱ्या बाजूनं निघत होता.

डॉक्टरांच्या पोटावर तसं नव्हतं. तिथे सुई प्रत्येक वेळी चिऱ्याच्या आतून बाहेर निघाली होती. एकदा डाव्या कडेतून, एकदा उजव्या.

असा टाका तिनं पाहिला होता. एकदा नाही, या वर्षात कितीतरी वेळा. कुठे, ते आठवताच ती ताठ उभी राहिली.

तिनं रजतकडून सत्तावन्न नंबरचा कागद मागवला. ममता, वय एकोणीस, मुक्काम महागाव तालुक्यातलं एक खेडं. व्यवसाय कापूस वेचणी. पोटात दोष आढळला नाही. शेवटच्या रकान्यात: 'रुग्ण पुढील तपासणीस आली नाही.' सोबत फोटो होता. चिऱ्याच्या बाजूला, बेंबीजवळ, दोन काळे गोल डाग.

"लखीराम, गाडी काढा. महागाव."

रस्त्यात कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर होते, तरी साडेअकराला ते गावात पोचले. ममताची सासू मथुराबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सुनेचं नाव काढताच तिचे हात थांबले.

"तपासनीले कशी येईन ते? बाराव्या दिसी गेली माही सून. टाक्यातून घान ये. वास ये. हात जोडे, म्हने माय, मले परत नोका नेऊ तेथं."

"दवाखान्यात कुणी नेलं होतं?"

"तिच्या बापानं. पोट दुखे तिचं, फवारलेल्या वावरात येचाले जाये. दोन दिस घरी राह्यली का बरं वाटे. पन बाप म्हने, फुकटचं शिबीर हाय, मोठा डॉक्टर हाय, मी सोता उभा राह्यतो. राह्यला बी. तिच्यापाशी बत्ती धरून उभा व्हता म्हने, पोटाकडे मातर पाह्यवलं नाही त्याले."

"दवाखान्यात कुणाला माहीत नव्हतं, की ती त्यांची मुलगी?"

"नाही सांगतलं. नोकराच्या घरच्याले शिबिरात घेत नाही म्हने. सासरचं नाव लिवलं." मथुराबाईनं डोळ्याला पदर लावला. "माती झाली त्या दिसी रडला नाही थो. मयतीले भेनारा मानूस नाही, पह्यले मुर्दाघरात व्हता कामाले. पन पोरीले आंघोळ घालाले हात नाही लावला. ओळख न देता डॉक्टरले इचारलं व्हतं त्यानं, थो म्हने त्या पोरीचं पोट आतून सडेल व्हतं, कोनी वाचवू शकलं नसतं. त्याच्यावर इसवास ठेवून बसला."

"आई, ममताच्या पोटावर डाग होते का?"

"दोन. बिब्ब्याचे. लहानपनी पोट दुखलं तं मायनं देल्ले."

रुपालीनं बापाचं नाव विचारलं. मथुराबाईनं सांगितलं. रुपालीनं वही मिटली.

तीन वाजता डॉ. प्रेरणांच्या दवाखान्यात, राजूरकरांच्या पलंगाभोवती सगळे उभे होते. ठाणेदार, डॉ. प्रेरणा, रजत, बेबीताई. उकंडा डॉक्टरांचे घरचे कपडे घेऊन आला होता, तो दाराशी होता. बाजूच्या खोलीत शस्त्रक्रियेची तयारी चालू होती.

"सर, कालपासून सगळ्यांनी दोन माणसं शोधली," रुपालीनं ठाणेदारांकडे वळून सुरुवात केली. "एक तरबेज कापणारा आणि एक अडाणी शिवणारा. डॉक्टर रजत कापतील, पण त्यांना हे टाके येत नाहीत. अमरसिंग शिवेल, पण पोत्याचा टाका वेगळा पडतो, मी सकाळी पाहिला. मग असा कोण, ज्याला चिरा सफाईनं घेता येतो, पण ज्याच्या टाक्याला सुबकपणा लागत नाही? असं एकच ठिकाण आहे, जिथे शिवलेली जखम कधीच भरून यायची नसते."

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"शवविच्छेदनाची खोली. या वर्षी मी तिथे इतक्या वेळा उभी राहिले, की तो टाका मला झोपेतही ओळखता यायला हवा होता. आतून बाहेर, डावीकडून उजवीकडे, एक धागा. चिरतो आणि शिवतो तो तिथला कामगारच."

ती हळूहळू दाराकडे वळली.

"चिठ्ठीवरचे आकडे मराठी होते. या दवाखान्यात डॉक्टर, सिस्टर सगळे इंग्रजी आकडे लिहितात. अमरसिंगला लिहिता येत नाही. मराठी आकडे फक्त ऑक्सिजनच्या पाटीवर आहेत. त्यातला आठ आणि एक मी चिठ्ठीशी ताडून पाहिला. मागच्या दाराची किल्ली त्याच माणसाकडे. कॉफीत काय आणि किती घालायचं, झोप उतरू लागली की कुठली सुई द्यायची, हे त्यानं सात वर्षं या टेबलाशी उभं राहून पाहिलेलं. आणि रविवारी सत्तावन्नाव्या फोटोवर त्याला बिब्ब्याचे दोन डाग दिसले, ते कुणाचे हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. त्याच वेळी त्यानं ऐकलं, की या पोटात काहीच निघालं नव्हतं. ममता तुमची मुलगी होती ना, उकंडाभाऊ?"

बेबीताईंनी तोंडावर हात ठेवला. उकंडानं कपड्यांची पिशवी खाली ठेवली.

"हो जी," तो म्हणाला. "माही होती."

राजूरकर उठून बसायला गेले आणि कळ येऊन मागे पडले. "उकंडा! अरे, मला सांगितलं असतंस तर... काय केलंस तू माझ्या पोटात?"

"पह्यले तुमी सांगा." उकंडाचा आवाज चढला नव्हता. "माह्या पोरीच्या पोटात काय व्हतं? मले म्हने सडेल व्हतं. मी एक वरीस तेच धरून बसलो. खरं सांगा, या सगळ्यायच्या म्होरं."

राजूरकरांनी ठाणेदारांकडे पाहिलं, प्रेरणाबाईंकडे पाहिलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

"काही नव्हतं," शेवटी ते म्हणाले. "सगळं चांगलं होतं. उघडायची गरज नव्हती. मला... मला संख्या कमी पडत होती. नंतर जखम चिघळली, ते मला कळलं होतं. मी लिहिलं नाही." ते उकंडाकडे वळले. "आता सांग. तो पडदा फाडलास का? आत काही ठेवलंस का?"

उकंडा पलंगापाशी आला. ठाणेदार पुढे सरसावले, पण रुपालीनं त्यांना हातानं थांबवलं. त्यानं डॉक्टरांच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग तो रुपालीकडे वळला आणि दोन्ही हात पुढे केले.

"चला जी."

"उकंडा!" राजूरकर ओरडले. "तू बोलणार होतास!"

"मी कवा म्हनलं?"

रुपालीनं त्याला बाहेर नेलं. व्हरांड्यात ती म्हणाली, "उकंडाभाऊ, सांगून टाका. नाहीतर विनाकारण त्यांचं पोट उघडतील."

"हो," उकंडा म्हणाला. "उघडतीन."

त्याच्या तोंडून पुढे एक शब्द निघाला नाही. आत राजूरकरांनी संमतीच्या कागदावर सही केली. चारला त्यांना टेबलावर घेतलं.

सहा वाजता डॉ. प्रेरणांचा ठाण्यात फोन आला. पातळ पडदा जसाच्या तसा होता. आत काही काढलेलं नव्हतं, काही ठेवलेलं नव्हतं. "पोट अगदी चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

रुपाली कोठडीपाशी गेली. उकंडा भिंतीला टेकून बसला होता.

"काही नव्हतं आत."

"मले ठाव व्हतं."

"तुमच्यावर गंभीर गुन्हा आहे. बरीच वर्षं जातील."

"जाऊ द्या."

"त्यांच्यावरही होईल. त्यांचा जबाब ठाणेदारांनी लिहून घेतला. मथुराबाई उद्या तक्रार द्यायला येतेय. बाकीच्या एकवीस घरी मी जाणार आहे."

उकंडानं मान हलवली. त्याला आनंद झाला की नाही, ते तिला कळेना. गेली कितीतरी वर्षं ती आरोपींचे चेहरे वाचत आली होती, पण या चेहऱ्यावर वाचायला काही शिल्लक नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तो तुमच्या हाताखाली झोपलेला होता. हातात धारेची सुरी होती. मारलं का नाही? उलट बोटाला यंत्र लावलं, नाडीवर लक्ष ठेवलं."

"मारून काय भेटलं असतं जी?" उकंडानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "मेला असता तं सुटला असता. मेलेल्याले काय दुखते? मी उमर घालवली त्यायच्यात, मले ठाव हाय. त्याले जगू द्या, म्याडम. चांगला म्हतारा होऊ द्या."